जिथे गाड्या कमी, तिथे माहिती जास्त हवी

दादरला लोकल चुकली तर माणूस कपाळाला आठ्या घालतो आणि पुढची पकडतो. गाडी नेमकी किती वाजता येणार हे त्याला ठाऊक नसलं तरी फारसं बिघडत नाही. चार-पाच मिनिटांत दुसरी येतेच. गोंदिया–बल्लारशा मार्गावर सिंदेवाहीला किंवा राजोलीला उभ्या असलेल्या प्रवाशाचं तसं नाही. तिथे थांबणाऱ्या गाड्या दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतात. एक गेली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो. येणारी गाडी वेळेवर आहे, तासभर मागे आहे की रद्दच झाली आहे, यावर त्याचा बाजार, दवाखान्यातला नंबर, कोर्टाची तारीख किंवा परीक्षेचा पेपर अवलंबून असतो. म्हणजे गाड्या जितक्या विरळ, तितकी माहितीची किंमत जास्त. आपल्या रेल्वेने मात्र माहितीची साधनं वाटताना नेमका याच्या उलट हिशोब धरला आहे. ग्रामीण स्थानकांवरची प्रवासी-माहिती सुधारायची असेल तर नवे फलक विकत घेण्याआधी तो हिशोब दुरुस्त करावा लागेल, असं माझं म्हणणं आहे.

२०१७ साली रेल्वेने स्थानकांचे नवे वर्ग पाडले. ए-वन, ए, बी, सी ही जुनी उतरंड गेली आणि उपनगरी, बिगर-उपनगरी आणि हॉल्ट असे तीन गट आले. प्रत्येक गटात पुन्हा पायऱ्या. स्थानक कोणत्या पायरीवर बसणार हे ठरतं तिथलं वार्षिक उत्पन्न आणि तिथून चढणाऱ्या प्रवाशांची संख्या पाहून. बिगर-उपनगरी गटात पहिला वर्ग ५०० कोटींच्या वर कमावणाऱ्यांचा, तर सहावा, म्हणजे शेवटचा, एक कोटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांचा. हॉल्टमधल्या तळाच्या वर्गाची मर्यादा तर पाच लाख रुपये. सोयीसुविधा या पायरीनुसार मिळतात. बाकं, नळ, शौचालयं यांच्या बाबतीत हे तत्त्व रास्तच आहे. पन्नास माणसांना जेवढी बाकं पुरतात तेवढी पाच हजारांना पुरणार नाहीत. पण इलेक्ट्रॉनिक फलक आणि घोषणांची यंत्रणाही याच मापाने मोजली जाते. वरच्या वर्गात डब्याची जागासुद्धा दिव्यांनी दाखवतात. खाली उतरावं तशी यंत्रणा पातळ होत जाते आणि तळाशी उरतो तो भिंतीवरचा वेळापत्रकाचा तक्ता. बाक माणसागणिक लागतं, माहिती लागत नाही. फलक पाच जणांनी वाचला काय नि पाचशे जणांनी वाचला काय, खर्च तेवढाच. तोट्याचं गणितही मांडून पाहावं. माहिती न मिळाल्यामुळे दादरच्या पाचशे जणांची प्रत्येकी चार मिनिटं गेली तर एकूण सुमारे तेहतीस तास होतात. लहान स्टेशनावरच्या पाच जणांचे प्रत्येकी सहा तास गेले तर तीस. दोन्ही आकडे जवळपास सारखेच, फरक एवढाच की दादरच्या माणसाला तो तोटा जाणवतही नाही, आणि या पाच जणांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

ग्रामीण स्थानकांसाठी ही माहिती कुठून तरी नव्याने गोळा करावी लागेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. गाडी सोडायची तर स्टेशन मास्तरला पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ घ्यावी लागते, गाडी निघाली की तसं कळवावं लागतं, आल्या-गेल्याची मिनिटं रजिस्टरात नोंदवावी लागतात. विभागाच्या नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर आपल्या टापूतल्या प्रत्येक गाडीचा आलेख डोळ्यांपुढे ठेवून बसलेला असतो. हा आलेख पूर्वी कागदावर पेन्सिलीने काढत. आता तो संगणकावर असतो आणि रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेच्या प्रणालींमार्फत चौकशीच्या संकेतस्थळापर्यंत जातो. त्यात इस्रोच्या साह्याने इंजिनांवर उपग्रहाशी जोडलेली उपकरणं बसवण्याचं काम चालू आहे. २०२२ पर्यंत २,७०० इंजिनांवर ती बसली होती आणि आणखी ६,००० इंजिनांवर बसवायची योजना होती. हे उपकरण दर अर्ध्या मिनिटाला गाडीचा ठावठिकाणा कळवतं. तेव्हा गाडी कुठे आहे हे रेल्वेला समजतं, आणि ज्या स्टेशनाला मास्तर आहे तिथे तर प्रवाशापासून वीस पावलांवरच्या खोलीत समजतं. फलाटावर बसलेल्याला तेवढं समजत नाही.

पूर्वी हे अंतर इतकं नव्हतं. फलाटाच्या छपराला टांगलेला रुळाचा तुकडा ही जुन्या स्टेशनाची माहिती-यंत्रणाच होती. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटल्याची खबर आली की टोल पडे आणि आडवे झालेले प्रवासी उठून गाठोडी बांधू लागत. मग सिग्नलचा हात पडला की गाडी जवळ आली, हे अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळे. या व्यवस्थेत भाकीत नव्हतं. जे घडलं ते घडल्याबरोबर सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने सांगितलं जाई. सिग्नल आणि काटे एकाच फलकावरून हलवणारं पॅनेल इंटरलॉकिंग आणि रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, वाहतूक अधिक सुरक्षित झाली, माणसं कमी लागू लागली; त्याबद्दल कुणी हळहळण्याचं कारण नाही. पण त्या ओघात टोलही गेला, आणि त्याची जागा कशाने भरायची याचा विचार मोठ्या स्थानकांपुरताच झाला.

कायदाही अर्ध्या वाटेवर थांबतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या ४९व्या कलमानुसार प्रत्येक स्थानकावर, सहज दिसेल अशा जागी, हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लावणं बंधनकारक आहे. कायदा ‘प्रत्येक स्थानक’ म्हणतो. त्यात उत्पन्नाची अट नाही. पण ही वेळ ठरलेली वेळ. आजची गाडी आज किती वाजता येणार, हे सांगण्याची सक्ती या कलमात नाही. ठरलेल्या वेळेचा तक्ता तरी किती टिकतो? कोकण रेल्वेवर पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, म्हणजे वर्षातून दोनदा वेळा बदलतात. गणपतीत ज्या जादा गाड्यांनी चाकरमानी गावी जातात, त्या रंगवलेल्या तक्त्यावर कधीच नसतात. २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक पॅसेंजर गाड्या परतल्या त्या बदललेल्या क्रमांकांनी, एक्स्प्रेसचं भाडं घेऊन आणि कित्येक लहान थांबे वगळून. अशा काळात भिंतीवरचा तक्ता नुसता जुना राहत नाही, तो माणसाला फसवतो. शिवाय वक्तशीरपणा मोजण्याची पद्धतच अशी आहे की अखेरच्या स्थानकावर गाडी वेळेत पोचली की ती वेळेवर धरली जाते. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यावर राखीव मिनिटं ठेवलेली असतात. वाटेत रेंगाळलेली गाडी ती वापरून मुक्कामाला ‘वेळेत’ दाखल होते. वाटेवरच्या दहा स्टेशनांवर लोक तासभर ताटकळले, याची नोंद त्या टक्केवारीत उमटत नाही.

आपल्या प्रवाशाला जे थोडेफार हक्क आहेत तेही माहितीवाचून कागदावरच राहतात. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास सोडून द्यायचा असेल तर आरक्षित तिकिटाचे पूर्ण पैसे मागता येतात, पण ते गाडी सुटण्याआधी मागावे लागतात. उशीर तीन तासांच्या पुढे जाणार की नाही हेच कळलं नाही तर मागायचे कसे? २०२१ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अजमेर–जम्मू गाडीच्या चार तासांच्या उशिराबद्दल प्रवाशाला मिळालेली तीस हजारांची भरपाई कायम केली आणि उशिराचं कारण रेल्वेला सिद्ध करता आलं नाही तर जबाबदारी तिचीच, असं म्हटलं. त्या प्रवाशाचं विमान चुकलं होतं, नुकसान मोजता येत होतं, आणि दाद मागण्याइतकी ताकद होती. साठ रुपयांच्या साध्या तिकिटावर बाजाराला निघालेली बाई ग्राहक आयोगाकडे जाणार नाही. तिला भरपाई नकोच आहे. गाडी दोन तास येत नाही एवढं वेळेत कळलं तर ती एसटी धरेल, नाहीतर घरी जाऊन राहिलेलं काम उरकून येईल.

ही माहिती प्रत्येक स्थानकावर मिळावी, या मागणीवर पहिला आक्षेप पैशाचा असतो: सात हजारांहून अधिक स्थानकं, बहुतेक तोट्यातली, कुठे कुठे पुरे पडायचं? पण यातली महागडी बाब बहुतांशी होऊन गेली आहे. रेल्वेच्याच ‘रेलटेल’ या कंपनीने ६,१०० हून अधिक स्थानकांवर वायफाय पोचवलं आहे. म्हणजे हॉल्ट वगळता जवळपास सगळीकडे माहिती वाहून नेणारी तार फलाटापर्यंत गेलेली आहे. त्या तारेवरून लहान स्टेशनावर माणूस सिनेमा पाहू शकतो आणि त्याची गाडी कुठे आहे हे फलाटावर लिहिलेलं नसतं, याला टंचाई म्हणता येणार नाही. अमृत भारत योजनेखाली तेराशेंहून अधिक स्थानकांचं नूतनीकरण हाती घेतलं आहे. २२ मे २०२५ रोजी देशातल्या ज्या १०३ स्थानकांचं उद्घाटन झालं त्यांत महाराष्ट्रातली पंधरा होती, आणि त्यांत परळ, माटुंग्याबरोबर लोणंद, केडगाव, लासलगाव, सावदा, आमगाव अशी लहान गावंही होती, ही चांगलीच गोष्ट. तरी माझा आक्षेप आहे तो या कामाच्या एककावर. इमारत स्टेशनागणिक बांधता येते. माहिती मात्र मार्गागणिक द्यावी लागते. केडगावला उशिरा येणारी पॅसेंजर खुटबावला आणि पाटसलाही उशिरानेच येते, आणि तिन्ही ठिकाणच्या फलकांना लागणारी नोंद एकच असते. एका स्टेशनावर चकचकीत फलक आणि शेजारच्या दोन स्टेशनांवर अंधार, यापेक्षा पुणे–दौंड, मिरज–कुर्डुवाडी किंवा नागभीड–बल्लारशा असा सबंध टापू एका वेळी घ्यावा. प्रत्येक स्टेशनाला दोन ओळींचा साधा एलईडी फलक, एक भोंगा आणि वीज गेली तर चालणारी बॅटरी एवढंच द्यावं. दर्शनी कमानीच्या खर्चापुढे हे काहीच नाही. अर्थात कमानीचं उद्घाटन होतं, भोंग्याचं होत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळी घेतात: आता हे सगळं फोनवर असतं, मग फलक कशाला? ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप ग्रामीण प्रवाशांत खरोखरच लोकप्रिय आहे. त्यामागची युक्तीही हुशारीची आहे: गाडीत बसलेल्यांचे फोन ज्या मोबाइल टॉवरच्या कक्षेत असतात त्यावरून गाडी कुठे आहे ते काढायचं. बंगळुरूच्या एका लहान कंपनीने ते बनवलं आणि २०१८ च्या डिसेंबरात गूगलने ती कंपनी घेतली. पण या यशाचा अर्थ काय घ्यायचा? ज्या गाडीचा ठावठिकाणा रेल्वेच्या तीन-तीन नोंदींत आहे, तो समजण्यासाठी प्रवाशांना एकमेकांच्या खिशातल्या फोनवर अवलंबून राहावं लागलं. आणि फोन सर्वांच्या हाती नसतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरत असलेला मोबाइल असल्याचं सांगणाऱ्या ग्रामीण स्त्रिया ४६.६ टक्के होत्या, आणि हा आकडा साध्या फोनसकट आहे. १३९ या क्रमांकावर चौकशी करता येते, घरून निघण्याआधी ती जरूर करावी. राजापूर रोडसारखं स्टेशन गावापासून कित्येक किलोमीटर दूर असलं की घरी मिळालेली माहितीच रिक्षाचे पैसे वाचवते. पण फलाटावर पोचल्यानंतर जे कळायला हवं ते ॲपला मुळातच ठाऊक नसतं. गाडी मेन लाइनवर घेणार की लूपवर, म्हणजे या फलाटाला लागणार की पलीकडच्या, हा निर्णय स्टेशनावरच होतो. तो वेळेत जाहीर झाला नाही की काय होतं हे रोज दिसतं: पोरंबाळं, पिशव्या, गुडघेदुखीची माणसं, सगळी रूळ ओलांडून पळतात. पूल असला तरी त्याच्यापर्यंत जायला वेळ उरलेला नसतो.

तिसरा आक्षेप रेल्वेच्या आतल्या माणसांचा आहे, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. एकेरी मार्गावर कोणती गाडी कुठे क्रॉसिंगला थांबेल, मालगाडीला वाट द्यावी लागेल का, रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतलेला ब्लॉक वेळेत उठेल का, हे कंट्रोलरलाही आधी नक्की सांगता येत नाही. ‘गाडी नव्वद मिनिटं उशिरा’ असं जाहीर केलं, लोक चहाला किंवा गावात गेले आणि गाडी पन्नास मिनिटांत आली, तर ज्यांची चुकली ते मास्तरच्या अंगावर येणार. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, अशी वृत्ती यातून तयार होते, आणि तिच्यात तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण यातली अडचण भाकिताची आहे, माहितीची नाही. दोन गोष्टी कोणतंही भाकीत न करता सांगता येतात. एक, गाडी शेवटची कुठून आणि किती वाजता सुटली. हा तर जुना टोलच आहे. रोजचा प्रवासी पुढचा हिशोब स्वतः करतो, आणि आपल्या मार्गावर कुठे गाडी रखडते हे त्याला कुठल्याही संगणकापेक्षा कमी ठाऊक नसतं. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची: गाडी अमुक वाजण्याआधी येऊच शकत नाही. कुर्डुवाडी ते पंढरपूर अंतर पन्नासेक किलोमीटरचं आहे. गाडीने कुर्डुवाडी सोडलेली नसेल तर ताशी शंभरच्या वेगाने धावली तरी ती अर्ध्या तासाच्या आत पंढरपूरला पोचणार नाही. हा अंदाज नाही, हे अंतर आणि वेगमर्यादेचं गणित आहे, आणि ते कधी खोटं ठरत नाही. ‘साडेअकराच्या आत नाही’ एवढे शब्द फलकावर आले तर माणूस निर्धास्तपणे उठून पाणी प्यायला, दवाखान्यात किंवा दुकानात जाऊ शकतो. त्याच ओळीत ही नोंद किती वाजताची आहे तेही दाखवावं. तासाभरापूर्वीची नोंद आताची म्हणून दाखवणारा फलक बंद फलकापेक्षा जास्त नुकसान करतो.

मात्र हे सगळं स्टेशन मास्तरच्या डोक्यावर टाकता कामा नये. लहान स्टेशनावर एकच माणूस पॅनेल सांभाळतो, शेजारच्या स्टेशनांशी आणि फाटकवाल्याशी बोलतो, कित्येक ठिकाणी तिकिटंही देतो. गाडी घेताना त्याचं लक्ष माइककडे जावं अशी अपेक्षा करणं म्हणजे सोयीसाठी सुरक्षितता पणाला लावणं. म्हणून माहिती त्याच्या हाताचा स्पर्श न होता फलकावर यायला हवी. शेवटची नोंद नियंत्रण कक्षाच्या प्रणालीतून, इंजिनावर उपकरण असेल तिथे थेट त्यावरून. आणि फलाट क्रमांक पॅनेलवर मार्ग लावला जातो त्यातूनच. सिग्नल आणि काट्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रं इंटरलॉकिंग असलेल्या स्टेशनांवर असतातच. ती सुरक्षा यंत्रणेच्या आत हात न घालता फक्त वाचायची आहेत.

हॉल्टचा प्रश्न वेगळा आणि अधिक बिकट आहे. तिथे मास्तर नाही, शेजारच्या स्टेशनाशी ‘लाइन क्लिअर’ची देवाणघेवाण करणारं उपकरण नाही. तिकिटं विकतो तो कमिशनवर नेमलेला गावचाच एजंट. त्याला कुणी काही कळवत नाही, पण लोक विचारतात मात्र त्यालाच, आणि तो आपल्या खर्चाने शेजारच्या स्टेशनावर फोन लावतो. अशा ठिकाणी मोबाइलच्या सिमवर चालणारा, सौर पॅनेलचा छोटा फलक आणि भोंगा हाच मार्ग दिसतो. नेटवर्क नसेल तिथे निदान एजंटाला नियंत्रण कक्षातून संदेश मिळण्याची रीत घालून द्यावी, आणि त्या कामाचे पैसे त्याच्या कमिशनात धरावेत. आवाज आणि अक्षर दोन्ही हवेत, कारण एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. भाषा आधी त्या भागातली हवी.

उरला प्रश्न देखभालीचा. फलक बसतात, पहिल्या पावसाळ्यात अर्धी अक्षरं विझतात आणि कागदोपत्री स्टेशन ‘सुसज्ज’ राहतं, ही तक्रार खरी आहे. कंत्राटदाराला पैसे फलक बसवल्याबद्दल न देता तो चालू राहिल्याच्या तासांबद्दल द्यावेत. फलक चालू आहे की नाही हे यंत्रणेला दुरूनच समजतं, त्यासाठी निरीक्षक पाठवायला नको. पण फलक बंद पडल्याची कुणी चौकशीच केली नाही तर कंत्राटाच्या अटीही निरुपयोगी. आपले खासदार रेल्वेकडे थांबे मागतात, नव्या गाड्या मागतात, नामकरण मागतात. लोकसभेत आपल्या मतदारसंघातल्या बंद फलकांची यादी मागितली तर तिला बातमीत जागा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

तेव्हा मागायचं ते प्रवासी संघटनांनीच मागावं, आणि थोडकंच मागावं. ४९व्या कलमात ठरलेल्या वेळेबरोबर त्या दिवशीची शेवटची नोंद प्रत्येक स्थानकावर दाखवण्याचं बंधन घालावं. माहितीच्या साधनांपुरती उत्पन्नाची पायरी रद्द करून दिवसाला थांबणाऱ्या गाड्यांची संख्या हा निकष लावावा: गाड्या कमी, तर क्रम आधी. कायदा बदलायला वर्षं लागतील, पण निकष बदलायला रेल्वे मंडळाचं एक परिपत्रक पुरतं. तोवर रेल्वेच्या विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत नव्या थांब्याच्या निवेदनासोबत आणखी एक कागद द्यावा आणि विचारावं, की आपल्या विभागात कोणकोणत्या स्थानकांवर आज गाडीचा उशीर प्रवाशाला कळण्याची काहीही सोय नाही. त्या यादीची प्रत लेखी मागावी.